छर्रा निवडताना : महागडी डबी की योग्य डबी?

चौपाटीवर किंवा गावच्या जत्रेत फुगे फोडायची बंदूक आपण सर्वांनीच कधी ना कधी हातात घेतली आहे. दुकानदार बंदूक भरून देतो, आपण एक डोळा मिटतो, घोडा ओढतो आणि फुगा तसाच हलत राहतो. बाजूची मंडळी हसतात, आपणही हसतो. बंदुकीची माशी ढिली आहे की नळी झिजली आहे, आत कोणता छर्रा घातला आहे, याची चौकशी तिथे कोणी करीत नाही. करमणुकीचा मामला असतो, तिथल्या तिथे संपतो.

परंतु ही हवेवर चालणारी बंदूक खेळाच्या मैदानावर आली की तिला एअर रायफल म्हणतात आणि मग मामला करमणुकीचा राहत नाही. ११ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंग येथे अभिनव बिंद्रा यांनी १० मीटर एअर रायफल प्रकारात भारताला ऑलिम्पिकमधील पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले. आपल्या महाराष्ट्रातून अंजली भागवत आणि सुमा शिरूर यांनी याच प्रकारात नाव कमावले. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरो येथे १० मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला. २०२४ साली पॅरिस येथे कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी कांस्यपदक जिंकले, तेव्हा ते रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरी करीत होते. त्यांचा प्रकार ५० मीटरचा आणि काडतुसाच्या रायफलचा असला, तरी एका शिक्षकाचा मुलगा हे करू शकतो, हे पाहून अनेक साध्या घरांतील मुलामुलींच्या मनात या खेळाची ओढ निर्माण झाली. शाळेतून, एन.सी.सी.तून, जवळच्या रायफल क्लबातून आता आपलीही मुले या खेळाकडे वळू लागली आहेत.

ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र खेळ खर्चाचा आहे आणि माहिती नसली की हा खर्च दुप्पट होतो. रायफल बहुधा क्लबची मिळते. पण छर्रे? ते दर महिन्याला आपल्याच खिशातून घ्यावे लागतात. म्हणून आजचा हा लेख केवळ छर्‍यांविषयी.

एका घरातील अनुभव

आमच्या कार्यालयातील एका शिपाई बांधवाची मुलगी अकरावीत आहे. क्लबच्या रायफलवर ती दोन वर्षे सराव करते. साठ शॉटमध्ये तिचे गुण ६०६ च्या आसपास येत असत. एका महिन्यात ते ५९४ वर आले आणि तिथेच अडकले. मुलगी रडकुंडीला आली. आईला वाटले, अभ्यासाचा ताण असेल. वडिलांना वाटले, पोरीचे लक्ष उडाले. एके दिवशी ते तिला बोललेही, "एवढा पैसा घालतोय, तुला त्याचं काही आहे का?" मुलगी म्हणाली, "पप्पा, मी तर तशीच मारतेय. छर्रा तिकडं जातच नाही." ते कुणी मनावर घेतले नाही.

पुढे कुणीतरी सल्ला दिला की, परदेशी भारी छर्रे घ्या, म्हणजे गुण वाढतील. या बांधवाने पतपेढीतून उचल घेऊन महागड्या छर्‍यांच्या दोन डब्या आणल्या. गुण ५९६ झाले. पैसे गेले ते गेलेच.

शेवटी क्लबच्या सरांनी जुनी रिकामी डबी मागवली. मुलीने ती खडू ठेवण्यासाठी जपून ठेवली होती म्हणून सापडली. जुन्या डबीवर बारीक अक्षरात ४.५० असा आकडा होता. नंतर आणलेल्या डबीवर ४.४९ होता. कंपनी तीच, डबीचा रंग तोच, किंमत तीच. फक्त मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक आणि तो दुकानदाराने, वडिलांनी किंवा मुलीने कुणीच वाचला नव्हता. भारी डबीवरचा आकडाही त्या नळीला मानवणारा नव्हता. सरांनी रायफल शिकंजात आवळून तिन्ही प्रकारचे छर्रे मारून दाखवले. जुन्या मधल्या किमतीच्या ४.५० च्या छर्‍यांनी कागदावर जवळजवळ एकच भोक पाडले. बाकी दोन्ही विखुरले. मुलीचा नेम ठीकच होता!

या बांधवाने मला ही हकीकत सांगितली तेव्हा ते एवढेच म्हणाले, "भाऊ, पैशाचं काही नाही, पण पोरीला उगाच बोललो." त्यांचे हे वाक्य ऐकूनच हा लेख लिहिण्याचे मनात आले.

अर्ध्या मिलिमीटरची किंमत

एवढ्याशा फरकाने काय होते, असे कोणी विचारील. त्यासाठी निशाण कसे असते हे पाहावे लागेल. १० मीटर एअर रायफलच्या निशाणाचा सर्वांत मोठा गोल अवघा ४५.५ मिलिमीटर रुंद असतो. मधला दहा गुणांचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा. एका वर्तुळापासून पुढच्या वर्तुळापर्यंतचे अंतर अडीच मिलिमीटर. म्हणजे अडीच मिलिमीटरला एक गुण, आणि पाव मिलिमीटरला दशांश गुण. अगदी मध्यभागी लागलेल्या शॉटला १०.९ गुण मिळतात. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत मुलगे आणि मुली दोघांनाही साठ शॉट मारावे लागतात. म्हणजे जास्तीत जास्त गुण ६५४.

आता साधा हिशेब करा. अयोग्य छर्‍यामुळे प्रत्येक शॉट सरासरीने अर्धा मिलिमीटर बाहेर सरकला, तर शॉटमागे ०.२ गुण जातात. साठ शॉटचे झाले १२ गुण. ६०६ उणे १२ म्हणजे ५९४. त्या मुलीचे गुण नेमके तेवढेच उतरले होते. २०१६ साली रिओ ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत अभिनव बिंद्रा आणि युक्रेनचा सेर्ही कुलिश यांचे गुण सारखे झाले. मग एका जादा शॉटवर निकाल लागला. कुलिशचा शॉट १०.५, बिंद्रा यांचा १०.०. बिंद्रा चौथे राहिले, कुलिश पुढे रौप्यपदक घेऊन गेला. हा फरक सव्वा मिलिमीटरचा. या खेळात मिलिमीटरचा भाग म्हणजे क्षुल्लक गोष्ट नाही, हे यावरून कळून येईल.

छर्रा म्हणजे काय वस्तू आहे?

छर्रा हातात घेऊन पाहा. त्याचा आकार डमरूसारखा असतो. पुढे डोके, मध्ये बारीक कंबर आणि मागे पोकळ घेर. तो मऊ शिशाचा असतो. रायफलच्या नळीत आतून पेचदार खाचा असतात. हवेचा दाब मागून आला की पातळ घेर किंचित फुगतो आणि नळीला घट्ट बसतो, त्यामुळे हवा बाजूने निसटत नाही. डोके खाचांवर टेकून सरळ पुढे जाते आणि खाचांमुळे छर्रा भोवर्‍यासारखा स्वतःभोवती फिरत बाहेर पडतो. फिरणारा भोवरा जसा ताठ राहतो, तसा फिरणारा छर्रा सरळ जातो.

आता डोके नळीला सैल असेल तर छर्रा आत डगमगेल. जास्त घट्ट असेल तर तो घासत, मोडत जाईल. प्रत्येक नळीची आतली घडण किंचित निराळी असते. एकाच कारखान्यात एकाच दिवशी तयार झालेल्या दोन रायफलींनाही वेगवेगळे छर्रे मानवू शकतात. म्हणूनच मैत्रिणीला चालला तो छर्रा आपल्याला चालेलच असे नाही. वहाण ज्याच्या त्याच्या पायाची, तसा छर्रा ज्याच्या त्याच्या नळीचा.

डोक्याच्या आकारावरून छर्‍यांचे मुख्य प्रकार तीन. पहिला सपाट डोक्याचा. तो कागदाला पंचिंग मशीनसारखे स्वच्छ गोल भोक पाडतो, त्यामुळे गुण मोजताना वाद राहत नाही. १० मीटरच्या स्पर्धेसाठी हाच घ्यावा. दुसरा गोल डोक्याचा. तो लांब पल्ल्यावर हवा कापत बरा जातो, पण दहा मीटरवर त्याचा विशेष फायदा नाही आणि कागद वेडावाकडा फाटतो. तिसरा टोकदार. दिसायला तो भारी वाटतो म्हणून मुले त्याचाच हट्ट धरतात. नेमबाजीच्या स्पर्धेत त्याचे काही काम नाही. याशिवाय बाजारात लोखंडी गोल गोळ्या मिळतात. त्या खाचा असलेल्या नळीत कधीही घालू नयेत. पोलादामुळे खाचा खरवडतात, आणि कठीण वस्तूवर आपटून गोळी उलटी येऊन डोळ्याला इजा होऊ शकते.

डबीवरचे आकडे वाचा

किराणा घेताना आपण वजन व तारीख पाहतो. तसेच छर्‍यांची डबी घेताना चार गोष्टी पाहाव्यात.

१) व्यास : स्पर्धेच्या एअर रायफलला ४.५ मिलिमीटर, म्हणजेच .१७७ चा छर्रा लागतो. .२२ किंवा ५.५ मिलिमीटरचा छर्रा यात बसत नाही.

२) डोक्याचे माप : चांगल्या डब्यांवर ४.४९, ४.५०, ४.५१ असे माप वेगळे छापलेले किंवा चिकटवलेले असते. हाच तो बारीक आकडा, ज्याने आमच्या बांधवाचे पैसे घालवले. साध्या सरावाच्या डब्यांवर काही वेळा हे माप नसते.

३) वजन : हे ग्रॅममध्ये किंवा ग्रेनमध्ये लिहितात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम. रायफलसाठी साधारण ०.५३ ग्रॅम, म्हणजे ८.२ ग्रेनचा छर्रा वापरतात. पिस्तुलासाठी थोडा हलका, ०.४५ ते ०.४९ ग्रॅमचा. अनेक डब्यांवर रायफल किंवा पिस्तुलाचे चित्र अथवा नाव असते. हा सर्वसाधारण नियम आहे. एखाद्या रायफलला हलका छर्राही मानवतो. ते परीक्षेनेच ठरते.

४) लॉट क्रमांक : छर्रे साच्यांतून आणि मशीनमधून निघतात. साचे झिजतात, बदलतात. त्यामुळे त्याच नावाच्या, त्याच मापाच्या डबीतही लॉट बदलला की थोडा फरक पडतो. म्हणूनच मोठे नेमबाज मानवलेल्या लॉटच्या पुष्कळ डब्या एकदम घेऊन ठेवतात. आपल्याला तेवढे परवडणार नाही, पण क्रमांक लिहून ठेवायला पैसे पडत नाहीत.

जर्मनीच्या आर.डब्ल्यू.एस. आणि एच. अँड एन., चेक प्रजासत्ताकाची जे.एस.बी., चीनची छियांग युआन या कंपन्यांचे छर्रे नेमबाजांत प्रसिद्ध आहेत. भारतातही छर्रे तयार होतात. नाव कोणतेही असो, ते नाव पाहून नळी चालत नाही.

काही दुकानांत छर्‍याच्या वेगाची जाहिरात केली जाते. अमुक छर्रा घ्या, बंदूक जास्त जोराने मारील, असे सांगतात. हलका छर्रा वेगाने जातो हे खरे. पण दहा मीटरवर वेगाचे काय लोणचे घालायचे? स्पर्धेच्या रायफलमधून ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने निघतो. निशाणापर्यंत त्याला सेकंदाचा सोळावा-सतरावा भाग पुरतो. आपल्याला हवा आहे तो प्रत्येक वेळी सारखाच वेग. स्प्रिंगच्या साध्या बंदुकीत फार हलका छर्रा घातला, किंवा छर्रा न घालताच घोडा ओढला, तर आतला दट्ट्या जोराने आपटून बंदुकीचे नुकसानही होते.

आपल्या नळीची परीक्षा कशी घ्यावी?

क्लबमध्ये रायफल आवळण्याचा शिकंजा असेल तर सरांना विनंती करावी. नसेल तर वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून, बसून, शांतपणे परीक्षा घेता येते. पुढील क्रम ठेवावा.

आधी नळी साफ असल्याची खात्री करून घ्या. नवीन प्रकारचा छर्रा सुरू करताना पहिले आठ-दहा शॉट हिशेबात धरू नका, कारण नळीत आधीच्या छर्‍याचे शिसे लागलेले असते. नंतर कोर्‍या निशाणावर एकाच ठिकाणी नेम धरून पाच शॉट मारा. नेमबाज याला ग्रुप म्हणतात. प्रत्येक प्रकाराचे असे निदान चार ग्रुप घ्या. सर्व प्रकार एकाच दिवशी, एकाच माणसाने मारावेत. पहिल्या फेरीत जो प्रकार शेवटी होता तो दुसर्‍या फेरीत आधी घ्यावा, म्हणजे थकव्याचा दोष एकाच डबीच्या माथी बसत नाही.

मग फूटपट्टी घ्या. पाच भोकांच्या ग्रुपची सर्वांत लांब बाजू बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजा आणि त्यातून ४.५ वजा करा. उदाहरणार्थ, बाहेरचे माप ६ मिलिमीटर आले, तर ग्रुप दीड मिलिमीटरचा. दुसर्‍या डबीचा ८ आला, तर साडेतीनचा. चारही ग्रुपची सरासरी काढा. सर्वांत लहान सरासरी ज्या डबीची, ती डबी आपली.

इथे एक चूक हटकून होते. ग्रुप मध्यभागी लागला नाही म्हणून मुले ती डबी नापास करतात. परीक्षेच्या वेळी ग्रुप डावीकडे लागला की खाली लागला, हे पाहायचेच नाही. जागा चुकली तर दुर्बिणीसारख्या मागच्या साइटचे स्क्रू फिरवून ती दुरुस्त करता येते. विखुरलेला ग्रुप स्क्रू फिरवून एकत्र येत नाही.

हे सर्व एका वहीत लिहावे. तारीख, रायफलचा क्रमांक, डबीचे नाव, डोक्याचे माप, लॉट, चार ग्रुप आणि सरासरी असे रकाने आखावेत. क्लबची रायफल बदलली की नवीन पान सुरू करावे. ही वही म्हणजे मुलाच्या खेळाचे पासबुकच समजा.

पैशाचा हिशेब

महिन्यात वीस दिवस, रोज साठ शॉट असा सराव धरला तर १२०० छर्रे लागतात. पाचशेच्या डबीप्रमाणे सुमारे अडीच डब्या. हिशेबाच्या सोयीसाठी असे धरू की साधी डबी ३०० रुपयांची व भारी डबी ९०० रुपयांची आहे. साध्या छर्‍यांचा खर्च महिना ७२० रुपये, भारीचा २१६० रुपये. फरक १४४० रुपयांचा. वर्षाचे झाले १७,२८०. एवढ्या रकमेत घरातील दुसर्‍या मुलाची पुस्तके, गणवेश आणि फी निघू शकते. तेव्हा भारी डबीने खरोखर फायदा होतो की नाही, हे न पाहता ती घेत राहणे परवडणारे नाही. दुसरीकडे, स्वस्त म्हणून विखुरणारे छर्रे घेणे हीसुद्धा काटकसर नव्हे. चुकीच्या छर्‍यावर सराव करणार्‍या मुलाला आपली चूक कोणती आणि छर्‍याची कोणती, हेच कळेनासे होते.

मधला मार्ग आहे. उभे राहणे, श्वास, घोडा ओढणे यांचा रोजचा सराव चांगल्या साध्या छर्‍यांवर करावा. परीक्षेत पास झालेली डबी गुण मोजायच्या सरावाला आणि स्पर्धेला ठेवावी. स्पर्धेच्या आठवडाभर आधी मात्र तीच डबी सुरू करावी. काही वेळा साधी डबीच परीक्षेत पहिली येते. मग तर प्रश्नच मिटला.

परीक्षेसाठी चार प्रकारच्या डब्या एकट्याने घ्यायच्या म्हणजे पदराला खार लागणार. त्याला उपाय एकीचा. क्लबमधील चार पालकांनी मिळून चार वेगवेगळ्या डब्या घ्याव्यात. प्रत्येक डबीतील छर्रे सव्वाशे-सव्वाशे वाटून घ्यावेत. एका डबीच्या खर्चात प्रत्येकाला चारही प्रकार तपासता येतात. परीक्षेला प्रकारामागे तीस-पस्तीस छर्रे पुरतात. उरलेले ज्याच्या रायफलला मानवतील त्याने अदलाबदलीने घ्यावेत. फक्त वाटताना प्रत्येक पुडीवर नाव, माप आणि लॉट लिहायला विसरू नये, नाहीतर सगळ्यांचीच मिसळ व्हायची. भिशी आणि बचत गट चालवणार्‍या आपल्या माताभगिनींना ही पद्धत नव्याने शिकवायची गरज नाही.

छर्‍यांची निगा

शिसे मऊ असते. डबी हातातून पडली तरी घेर चेपतात. लोकलच्या गर्दीत किंवा एस.टी.त डबी पिशवीच्या तळाशी टाकू नये, रुमालात गुंडाळून न्यावी. खिशात सुटे छर्रे ठेवू नयेत. मारण्यापूर्वी थोडे छर्रे मऊ कापडावर पसरून पाहावे. घेर चेपलेला, कडेला बुरा असलेला किंवा डोक्यावर ओरखडा असलेला छर्रा बाजूला काढावा. शंका असेल तर काचेच्या तुकड्यावर हळूच घरंगळू द्यावा. डोके लहान व घेर मोठा असल्याने चांगला छर्रा एकसारखे वळण घेतो, चेपलेला अडखळतो. असे छर्रे फेकू नयेत, पहिल्या गरम होण्याच्या शॉटला वापरावेत. परंतु एकदा मारलेला छर्रा पुन्हा कधीही नळीत घालू नये.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत जुन्या छर्‍यांवर पांढरी भुकटी चढते. असे छर्रे वापरू नयेत, आणि ती भुकटी फुंकून उडवू नये. डबी कोरड्या जागी, घट्ट झाकणाने बंद ठेवावी.

शिसे विषारी आहे

हा भाग घरातील आईने जरूर वाचावा. शिसे हे विष आहे. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो, आणि शरीरात त्याचे अमुक प्रमाण सुरक्षित आहे असे जागतिक आरोग्य संघटनाही मानत नाही. म्हणून भरायला सोपे जाते म्हणून तोंडात छर्रे धरण्याची सवय काही मुलांना असते, ती ताबडतोब मोडावी. सराव करताना वडापाव, भेळ, चहा काहीही घेऊ नये. सराव संपला की साबणाने हात धुवावेत, मगच डब्याला हात लावावा. सरावाचे कपडे तान्ह्या बाळाच्या कपड्यांत मिसळून धुऊ नयेत. एका खोलीच्या घरात डबी बाळाच्या हाती लागणार नाही अशा उंच जागी ठेवावी. घरात गर्भवती स्त्री असेल तर ही काळजी दुप्पट घ्यावी.

निशाणामागे साचलेले शिसे घरी आणून स्टोव्हवर वितळवून जाळ्याची वजने करण्याचा उद्योग कोणी सुचवला तर त्याला हात जोडावेत. त्याची वाफ आणि धूळ घरभर पसरते. शिशाऐवजी कथलाचे छर्रेही मिळतात, पण ते हलके आणि महाग असतात.

बंदूक ती बंदूकच

४.५ मिलिमीटरपर्यंत व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत शक्तीच्या हवाई बंदुकीला २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. स्पर्धेच्या रायफलची शक्ती साडेसात ज्यूलच्या आसपास असते. पण परवाना नाही म्हणजे ती खेळणे झाली असे नाही. दहा मीटरवरून छर्रा माणसाचा डोळा कायमचा घालवू शकतो. चाळीच्या गॅलरीत, गच्चीवर किंवा वस्तीच्या बोळात सराव करू नये. चिमण्या-पाखरांवर, कुत्र्या-मांजरांवर नेम धरणे हे क्रौर्य आहे आणि कायद्यानेही गुन्हा ठरू शकतो. रायफल आणि छर्रे अधिकृत दुकानातूनच, पावती घेऊन खरेदी करावेत. ने-आण पेटीतूनच करावी. नळी नेहमी निशाणाकडे आणि बोट घोड्याच्या बाहेर, ही शिस्त पहिल्या दिवसापासून अंगी बाणवावी.

नव्याने सुरुवात करणार्‍यांनी रायफल विकत घेण्याची घाई करू नये. पुण्यातील बालेवाडी, मुंबईत वरळी, कोल्हापुरात दुधाळी येथे शूटिंग रेंज आहेत. आपल्या जिल्ह्यातील क्लबची चौकशी करावी, वर्षभर क्लबच्या रायफलवर मुलाची आवड आणि चिकाटी पाहावी. तोपर्यंत आपला खर्च छर्‍यांपुरताच ठेवावा.

आमच्या शिपाई बांधवाच्या मुलीचे गुण आता पुन्हा सहाशेच्या वर आहेत. तिच्या वहीच्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात ४.५० हा आकडा आणि खाली लॉट क्रमांक लिहिलेला आहे. दुकानात जाताना वडील त्या पुठ्ठ्याची झेरॉक्स खिशात घेऊन जातात. पतपेढीचे दोन हप्ते अजून फिटायचे आहेत.

पालकांना माझी एवढीच विनंती आहे. मुलाचे गुण उतरले तर आधी डबीवरचा आकडा पाहा, मग सरांना विचारा, आणि मुलाला काही बोलायचेच असेल तर ते सर्वांत शेवटी बोला.